वाल्डेमार हाफकिन

मुंबईच्या परळ भागात आचार्य दोंदे मार्गावर एक जुनी, विस्तीर्ण वास्तू आहे. एके काळी येथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहत असत. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय पुण्यात आहे, त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा १८८२ साली याच वाड्यात पटकीच्या रोगाने अंत झाला. पुढे गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलवर गेले आणि हा वाडा ओस पडला. रोगाने ओस पडलेल्या या वाड्यात १८९९ साली रोगांशीच झुंज घेणारी प्रयोगशाळा आली, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. त्या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख वाल्डेमार हाफकिन हे होत. हिंदुस्थानात त्यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे घालवली. लक्षावधी लोकांना मृत्यूच्या दाढेतून सोडवले. आणि याच देशात त्यांच्यावर एकोणीस माणसांच्या मृत्यूचा आरोपही आला.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा या शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. रशियात ज्यू लोकांचा त्या काळी अनन्वित छळ होत असे. १८८१ साली झारचा खून झाला आणि ठिकठिकाणी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील काही तरुणांनी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी पथक उभारले, त्यात हाफकिनही होते. त्या धुमश्चक्रीत ते जखमी झाले, त्यांना अटक झाली, आणि मेचनिकॉफ यांनी मध्यस्थी केली म्हणून त्यांची सुटका झाली. पुढे पदवी मिळाली. परंतु प्राध्यापकपदाचे दार मात्र त्यांना बंद राहिले. धर्म बदलला असता तर ते उघडले असते. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला.

प्रथम जिनीव्हा येथे काही काळ अध्यापन करून १८८९ साली ते पॅरिसला आले. लुई पाश्चर यांच्या नावाने उभारलेली संस्था तेव्हा नुकतीच कामाला लागली होती आणि मेचनिकॉफही तेथेच होते. शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथालयातील दुय्यम जागा पत्करली. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहावी आणि फावल्या वेळात प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम होता. लवकरच त्यांना प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली.

त्या वर्षांत पटकीची साथ पूर्वेकडून युरोपकडे सरकत होती. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे नेत त्यांची तीव्रता वाढवली. उलट उष्णता आणि हवेचा प्रवाह यांच्या योगे त्याच जंतूंची एक दुबळी जातही तयार केली. दुबळे जंतू आधी आणि तीव्र जंतू मागाहून टोचले, तर प्राणी पटकीला बळी पडत नाही, असे त्यांना आढळले. पण गिनीपिग म्हणजे मनुष्य नव्हे. माणसाला ही लस सोसते की नाही, हे माणसावर पाहिल्यावाचून कळणार कसे? आणि तो माणूस कोणता असावा? हाफकिन यांनी या प्रश्नाचे उत्तर फारसा गाजावाजा न करता दिले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड ठणकला आणि काही दिवसांनी सर्व ठीक झाले. नंतर त्यांच्या मित्रांनीही लस घेतली. यानंतरच त्यांनी आपले निष्कर्ष विद्वानांच्या सभेपुढे मांडले.

पॅरिसमध्ये या वेळी ब्रिटनचे वकील म्हणून लॉर्ड डफरिन होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि पटकीने या देशात काय हाहाकार उडतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. येथे त्यांचे स्वागत थंडपणेच झाले. ते रशियाचे प्रजाजन, म्हणून काहींना ते हेर वाटत. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हेत, म्हणून सरकारी डॉक्टर त्यांच्याकडे संशयाने पाहत. आणि अंगात सुई टोचणारा परदेशी मनुष्य म्हणून सामान्य लोक त्यांना भीत. १८९४ च्या मार्च महिन्यात कलकत्त्यातील काटलबागान या गरीब वस्तीत पटकी उद्भवली, तेव्हा हाफकिन आपल्या हिंदी डॉक्टर सहकाऱ्यांना घेऊन तेथे गेले. जमावाने दगड मारले, सामानाच्या काचा फुटल्या. हाफकिन यांनी पोलीस बोलावले नाहीत. त्यांनी सदरा वर केला आणि सर्वांच्या देखत एका सहकाऱ्याकडून स्वतःच्या कुशीत सुई टोचून घेतली. जमाव शांत झाला. तेथे जमलेल्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी त्या दिवशी लस घेतली. लोकांची मने वळवण्याची ही रीत पुढे त्यांनी सोडली नाही. दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसाम असा प्रवास करून चाळीस हजारांवर लोकांना लस टोचली. हिवतापाने शरीर खंगले, तेव्हा ते युरोपात जाऊन आले आणि १८९६ साली पुन्हा कामावर रुजू झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एक भयंकर रोग दिसू लागला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे प्रथम ओळखले. गोदामांतून उंदीर पडू लागले, पाठोपाठ माणसांना सडकून ताप येऊन जांघेत व काखेत गाठी उठू लागल्या आणि तीन-चार दिवसांत माणूस दगावू लागला. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही कोकणात, देशावर आणि गुजरातेत गेला. पुढील काही वर्षे तर उंदीर पडला की घराला कुलूप घालून गावाबाहेर माळावर झोपड्या टाकाव्यात, हा महाराष्ट्रातील कितीतरी गावांचा दरसालचा परिपाठ होऊन बसला.

सरकारने उपाय योजले. पण ते ज्या रीतीने योजले ती रीत रोगाइतकीच लोकांना असह्य झाली. सोजीर घरात शिरत, देवघरापर्यंत जात, आजाऱ्याला ओढून रुग्णालयात नेत, अंथरुणे-पांघरुणे जाळत, बायाबापड्यांची तपासणी रस्त्यावर करीत. रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरू नये हा हेतू शास्त्राला धरून होता असे मानले, तरी ज्याच्यासाठी ते शास्त्र राबवायचे त्या माणसाची अब्रू त्यात शिल्लक राहिली नव्हती. मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याचा २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी वध केला. त्याच पुण्यात, त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. एकाच रोगाला सामोरे जाण्याच्या या दोन रीती एकाच शहराने एकाच वर्षी पाहिल्या.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांच्या आत प्लेगची लस तयार केली. मांसाचा रस मोठ्या चंबूत भरून त्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, ही त्यांची पद्धती होती. या कामी युरोपात गोमांस वापरीत. हिंदू व मुसलमान या दोहोंच्या भावना जपण्यासाठी हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस घेतले. रसावर ते तुपाचे काही थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. गुहेच्या छताला चुन्याचे सुळे लोंबतात, तशी. चंबू हलवला की ती वाढ तळाशी जाई आणि वर नवी वाढ सुरू होई. असे काही आठवडे केल्यावर चंबू तापवून त्यातील सर्व जंतू मारीत आणि थोडे कार्बॉलिक आम्ल घालून लस बाटल्यांत भरीत. पटकीच्या लसीत जिवंत जंतू होते, प्लेगच्या लसीत मृत. आपल्या स्वयंपाकघरातील तूप जंतुशास्त्राच्या उपयोगी पडावे, ही गोष्ट गमतीची खरी. पण हाताशी असलेल्या वस्तूतून मार्ग काढण्याची हाफकिन यांची बुद्धी त्यावरून दिसते.

सशांवर लस उतरली. आता माणसाची पाळी होती, म्हणजे पुन्हा हाफकिन यांचीच. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी एका सहकारी डॉक्टराकडून लस टोचून घेतली. पुढे लोकांना सामान्यतः जी मात्रा दिली गेली, तिच्या तिपटीहून अधिक मात्रा त्यांनी स्वतः घेतली होती. भरपूर ताप आला, टोचलेल्या जागी असह्य ठणका लागला. पण काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस दिली गेली आणि त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच कमी आढळले. तुरुंगातील माणसाचे राजी होणे कितपत मोकळे असते, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही. आज तो अवश्य विचारला जाईल.

लोकांचा विश्वास बसायला विद्वानांच्या अहवालांचा उपयोग नव्हता. वीस वर्षांचे तरुण आगाखान या कामी पुढे आले. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि आपल्या खोजा समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून त्या समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. सुईला जबरदस्तीची जोड मिळाली असती तर जे घडले नसते, ते असे घडले.

तरीही शंका घेणारे होतेच. लस घेणारे लोक मुळातच सुखवस्तू, स्वच्छ घरांत राहणारे, म्हणून ते वाचत असतील. यात लसीचा गुण कोणता, असे ते म्हणत. हा आक्षेप पोकळ नव्हता. त्याचे निरसन करण्यासाठी १८९८ साली बडोद्याजवळच्या उंढेरा या गावी एक प्रयोग झाला. गावातील प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करून अर्ध्या माणसांना लस द्यायची, अर्ध्यांना द्यायची नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच; भेद फक्त लसीचा. नंतर गावातील २८ कुटुंबांत प्लेग झाला. त्या घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती, त्यांपैकी ३ दगावली. लस न घेतलेली ६४ होती, त्यांपैकी २६ दगावली. शास्त्राच्या दृष्टीने याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. परंतु त्या आकड्यांत एकेक घर आहे. एका भावाला लस मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही. ते २६ जीव खर्ची पडल्यावर पुढे किती जीव वाचले याचा हिशेब मांडता येतो. पण ज्या घरातले माणूस गेले त्या घराला तो हिशेब कोणी आणि कसा सांगावा, याचे उत्तर गणितात नाही. अशा प्रयोगांना आज फार कडक नियम आहेत, आणि ते असलेच पाहिजेत.

१८९९ साली, १० ऑगस्टला, परळच्या वाड्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली गेली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. लसीची मागणी देशभरातून येऊ लागली. १९०२ साली पंजाबात प्लेगने कहर मांडला, तेव्हा तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागवली. पुरवठा जलद व्हावा म्हणून हाफकिन यांनी लस करण्याच्या रीतीत काही फेरफार केला. कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्याची पद्धत अवलंबिली. पॅरिसच्या संस्थेत ही पद्धत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. जबडे मिटले, शरीर ताठले, आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. त्या दिवशी अनेक बाटल्या उघडल्या होत्या. परंतु हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. बाटलीवर ५३ हा क्रमांक होता. ज्यांनी भीती बाजूला सारून, परक्या माणसांच्या शब्दावर विसंबून हात पुढे केला होता, त्यांनाच हे मरण आले. मुलकोवालचा विचार करताना प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट हीच आहे. हाफकिन यांच्यावरील अन्याय त्यानंतरचा.

सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असले पाहिजेत आणि कार्बॉलिक आम्ल वगळल्यामुळे ते टिकून राहिले, असा निष्कर्ष समितीने काढला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. पाच वर्षे ज्यांनी त्या संस्थेत रात्रंदिवस राबून लस केली, त्यांना तिचा उंबरा बंद झाला. १९०४ साली ते लंडनला गेले.

पुराव्यातील एका बारीकशा गोष्टीकडे मात्र समितीने हवे तितके लक्ष दिले नव्हते. मुलकोवाल येथे ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून न घेता नुसता औषधी पाण्यातून काढून त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि असल्या पाण्याने ते सहजी मरत नाहीत. शिवाय बाटली मुंबईत भरून झाल्यावर एकेचाळीस दिवसांनी उघडली होती. इतके दिवस ते जंतू आत वाढत असते, तर लसीला दुर्गंधी आली असती. आणि साठलेल्या विषाने लोक आठवड्याने नव्हे, लवकरच आजारी पडले असते. बाटली उघडताना तिला दुर्गंधी नव्हती. दोष कोठे असावा, हे यावरून उघड होते. परंतु सरकारने एकदा निर्णय दिला की तो परत घेणे सरकारला जड जाते.

हाफकिन यांनी आपली बाजू शांतपणे, पण न थकता मांडली. हळूहळू इतर शास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस हे त्यांत अग्रेसर होते. १९०७ च्या जुलै महिन्यात लंडनच्या टाइम्स पत्रात दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. मुंबईच्या प्रयोगशाळेवरील आरोप सिद्ध झालेला नाही, उलट तो खोटा ठरतो, असे त्यांनी साधार दाखवून दिले. रॉस यांनी आणखीही लिहिले. एका माणसाच्या मानापमानापुरता हा प्रश्न नव्हता. लस दूषित होती असा समज कायम राहिला, तर खेड्यापाड्यांतील लोक लस घेणार नाहीत आणि प्लेगने मरतील, ही त्यांची खरी चिंता होती. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त ठरले आणि त्यांना हिंदुस्थानात परत येण्याचे निमंत्रण मिळाले.

ते परत आले. परंतु परळची जागा एव्हाना दुसऱ्याला दिलेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले आणि माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाही. ज्याने पहिली सुई नेहमी स्वतःला टोचून घेतली, त्याच्यावर हे बंधन होते. दोष नाही म्हणायचे आणि विश्वास मात्र ठेवायचा नाही, असा हा न्याय होता. तक्रार न करता त्यांनी तेथे काम केले आणि १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी विवाह केला नव्हता. तरुणपणी ज्या धर्मासाठी त्यांनी देश सोडला, त्या धर्माचे आचरण उतारवयात ते अधिकच निष्ठेने करू लागले. विज्ञान आणि श्रद्धा यांचे त्यांच्या मनात कधी भांडण झाल्याचे दिसत नाही. आपली संपत्ती त्यांनी ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली.

इकडे मुंबईत लसीचे काम चालूच होते. १८९७ पासून १९२५ पर्यंत प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या. १९२५ साली तेथील संचालकांच्या आग्रहावरून परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही वार्ता त्यांना कळवली गेली, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामी लागली, अशा आशयाचे कृतज्ञतेचे उत्तर त्यांनी धाडले. मुलकोवालचा किंवा त्यानंतरच्या वर्षांचा राग त्यात नव्हता. शेवटची दोन वर्षे ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.